मोठ्याने मोजलेल्या फळ्या : तिसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

त्या दिवशी तपासलेल्या वह्यांमध्ये जवळजवळ सगळ्यांनाच पूर्ण गुण पडले. पात्रं : भाऊ, बहीण, आजी. स्थळ : नदीवरचा पूल. काळ : संध्याकाळ. भावाचा स्वभाव : शूर, हुशार, प्रेमळ. एकही चौकट रिकामी नव्हती. तरी वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवताना मला चैन पडेना, कारण गोष्टीत जे घडलं होतं ते त्या चौकटींत कुठेच उतरलं नव्हतं.

गोष्ट मीच वर्गासाठी लिहिली होती, दीड पानाची. आठ वर्षांचा भाऊ आणि पाच वर्षांची बहीण दुपारी नदीपलीकडे राहणाऱ्या आजीकडे जातात. वाटेत लाकडी फळ्यांचा पूल लागतो. त्याची बरोबर मधली, म्हणजे दोन्हीकडून मोजली तरी सतरावी, फळी निखळलेली आहे. जाताना दोघं पळतच जातात. मोकळ्या जागेशी आल्यावर भाऊ बहिणीला उचलून पलीकडे ठेवतो आणि पुन्हा पळायला लागतो. परतताना उशीर होतो आणि पुलाशी पोचेपर्यंत धुकं उतरलेलं असतं. पुढचा तुकडा असा :

दोन फळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. खालून नुसता पाण्याचा आवाज येत होता. भावाने बहिणीचा हात धरला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.
"दादा, तू एवढ्या मोठ्याने का मोजतोयस?"
"तुला आकडे यावेत म्हणून."
सोळाला तो थांबला.

या तुकड्यावर मुलांची उत्तरं अशी होती : त्याला मोजता येतं म्हणून तो हुशार. बहिणीला आकडे शिकवतो म्हणून प्रेमळ. पूल ओलांडला म्हणून शूर. बत्तीस मुलांपैकी एकानेही धुक्याचा आणि मोजण्याचा संबंध जोडला नव्हता. भावाच्या तोंडचं वाक्य सगळ्यांनी जसंच्या तसं खरं मानलं होतं. "शूर असं का लिहिलंस?" असं मी एकाला विचारलं. तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून म्हणाला, "बाई, तिथे आहे ना तो शब्द." तक्ता मीच लावला होता : स्वभावाचे वीस शब्द, रंगीत खडूंनी सजवलेले. मुलं गोष्टीतून शब्दाकडे जातच नव्हती. तक्त्यावरून एक शब्द उचलून तो गोष्टीला चिकटवत होती.

अडलं कुठे?

पहिली शंका वाचनाबद्दलच घ्यायला हवी. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली. अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे आकलन. त्यात एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं मिटायला सांगितली आणि तीच गोष्ट स्वतः सावकाश वाचून दाखवली. अडखळत वाचणारी चार-पाच मुलं एकदम खुलली, त्यांना पूल दिसायला लागला. त्यांच्यासाठी वाचनाचा वेगळा सराव हवा हे नक्की झालं. बाकीच्यांची उत्तरं मात्र तीच राहिली : शूर, हुशार, प्रेमळ. अडचण अक्षरांच्या पलीकडे होती.

मग दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं या वयाला जड जात असेल का? तसंही नसतं. हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलं याचं बरोबर उत्तर द्यायला लागतात, म्हणजे खरं काय आहे आणि दुसऱ्याला काय वाटतंय यात फरक करू शकतात. माझी मुलं आठ वर्षांची होती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी दुसरीबद्दल मला सांगत आली : "ती म्हणते, राग नाही आला. पण माझ्या शेजारी बसतच नाहीये." बोलणं एक, वागणं एक, आणि त्यातून काढलेला मनातला अर्थ. गोष्टीत भावाबद्दल जे तिला सुचलं नाही ते मैत्रिणीबद्दल तिने एका दमात सांगितलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मुलांना हे येत होतं. गोष्टीच्या तासाला हेच वापरायचं असतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची मिनिटामिनिटाची नोंद केली होती. प्रत्यक्ष आकलन *शिकवण्यात* गेलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी भरला. प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, स्वाध्याय सोडवून घेणं भरपूर होतं. हे मी फार वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि तेव्हा इतरांबद्दल वाचल्यासारखं वाचलं होतं. माझ्या चौकटी म्हणजे तेच होतं : मी तपासत होते, शिकवत नव्हते.

त्या चौकटींचा आणखी एक दोष मला फार जाचला. पात्र एका रकान्यात आणि स्थळ दुसऱ्या रकान्यात टाकलं की त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मुलाला वाटणारच कसं? "स्थळ : पूल" असं लिहिलं की पुलाचं काम संपतं. खरं तर या गोष्टीत भाऊ जे करतो ते त्या पुलामुळे आणि त्या धुक्यामुळे करतो. धुकं काढून टाका, मोजणं उरत नाही. स्थळकाळ ही पात्रामागे टांगलेली चित्राची चादर आहे अशा समजुतीनेच आपण ते शिकवतो. माझ्या मते प्राथमिक वर्गांत गोष्टीच्या शिकवणुकीचं सगळ्यात मोठं नुकसान याने होतं.

दुपारी का नाही मोजलं?

पाच आठवडे, आठवड्याला दोन तास, आम्ही याच गोष्टीपासून सुरुवात करून काम केलं. तक्ता भिंतीवरून उतरवला.

पहिल्या तासाला मी फक्त वाचलं आणि वाचताना माझ्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलले. "इथे लिहिलंय, दोन फळ्यांपुढचं दिसत नव्हतं. म्हणजे तिसरी फळी कुठे आहे हे याला माहीत नाही. मी इथे असते तर पाय घासत गेले असते." आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग सोबत करायचं, मग हळूहळू हात काढून घ्यायचा; डेव्हिड पिअर्सन आणि मार्गारेट गॅलाघर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही जबाबदारी सोपवण्याची पद्धत गणितात आपण सहज वापरतो. गोष्टीत मात्र पहिलीच पायरी गाळतो, थेट प्रश्नावर येतो.

दुसऱ्या तासाला बाकं भिंतीकडे सरकवली आणि फरशीवर खडूने फळ्या आखल्या. सतरावी सोडली. मुलं आधी डोळे उघडे ठेवून पळत गेली. हसणं, ढकलाढकली, सगळं झालं. मग एकेकाने डोळ्यांवर रुमाल बांधून जायचं, सोबतीला एक जोडीदार. वर्ग आपोआप शांत झाला. तिसरा मुलगा निघाला तेव्हा तो हलकेच पुटपुटायला लागला : एक, दोन, तीन. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे खाली बसल्यावर मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : *दुपारी त्याने का नाही मोजलं?*

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, कारणं द्यायला लागतात. मी मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. ती शांतता वर्गाला आणि मला दोघांनाही जड गेली. मग पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "दुपारी दिसत होतं ना."

मी त्यावर उडीच मारली. "म्हणजे संध्याकाळी तो घाबरला होता, बरोबर?"

इथे मी चुकले. माझ्या मनातलं उत्तर मी तिच्या तोंडात घातलं. मला अडवलं ते मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी तासभर गप्प असतो. "नाही बाई. घाबरला म्हणून नाही मोजत. सतरावी फळी दिसत नाही म्हणून मोजतोय. मोजलं नाही तर पडेल."

तो अगदी बरोबर होता, आणि मी लिहिलेल्या गोष्टीत मलाच ते इतकं स्वच्छ दिसलेलं नव्हतं. म्हणजे "हुशार" हा शब्दही बरोबर होता. वहीत लिहिलेलं कारण तेवढं चुकलं होतं. मोजता येतं म्हणून कुणी हुशार ठरत नाही. डोळ्यांनी जे कळणार नाही ते आकड्यांनी कळेल, हे सुचलं म्हणून तो हुशार. हे कारण धुक्याशिवाय सांगताच येत नाही.

"मग मोठ्याने का?" मी विचारलं. "मनात मोजलं असतं तरी सतरावी कळली असती."

पुन्हा शांतता. या वेळी मी खरोखर थांबले. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "मनात मोजलं तर नुसता पाण्याचा आवाज येईल."

वर्गात कुणीतरी "हो!" म्हटलं. मग उत्तरं थांबेनात. बहिणीलाही पाण्याचा आवाज येत असेल. तिला दादाचा आवाज आला तर बरं वाटेल. पण मग त्याने तिला आकडे शिकवतोय असं का सांगितलं? "मी घाबरलो असं सांगितलं असतं तर ती रडली असती." एकाने विचारलं, "म्हणजे तो खोटं बोलला?" यावर बराच वेळ वाद झाला आणि तो मी होऊ दिला. शेवटी मुलांनीच फळ्यावर दोन रकाने पाडून घेतले : *म्हणतो काय* आणि *करतो काय*. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा ठेवली. तिथे काय लिहायचं हे प्रत्येकाने आपापल्या वहीत ठरवायचं होतं.

भावना आणि स्वभाव

पुढच्या आठवड्यात वेगळीच अडचण आली. आता अर्ध्या वर्गाने भावाचा स्वभाव "भित्रा" असा लिहिला. एकदा घाबरलेला तो कायमचा भित्रा. आपण मोठेही वर्गात एखाद्या मुलाबद्दल अशाच घाईने बोलतो, म्हणून यावर मी मुद्दाम दोन तास घालवले.

भावना येते आणि जाते. स्वभाव पुन्हा पुन्हा दिसतो. ही व्याख्या सांगून काही होत नाही. मी नियम केला : स्वभावाचा शब्द लिहायचा तर गोष्टीतल्या दोन वेगळ्या जागांवर बोट ठेवता आलं पाहिजे. एकच जागा सापडली तर ती त्या वेळची भावना. मुलं शोधायला लागली. भीती एकाच जागी सापडली, धुक्यात. बहिणीला सांभाळणं मात्र दोनदा होतं : दुपारी तिला उचलून मोकळ्या जागेपलीकडे ठेवतो, संध्याकाळी तिचा हात धरतो आणि आपली भीती तिच्यापासून लपवतो. ऊन असो की धुकं, ही गोष्ट बदलत नाही. "जे जागा बदलली तरी बदलत नाही, तो स्वभाव," असं एका मुलीने स्वतःच्या शब्दांत मांडलं. माझ्या व्याख्येपेक्षा ते चांगलं होतं, म्हणून आम्ही तेच वापरलं. पात्र समजायला जागा बदलून बघायची असते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

याच वेळी एक जण शब्द शोधत माझ्याकडे आला : "बाई, लहान असून मोठ्यासारखं सगळं बघतो त्याला काय म्हणतात?" मी "जबाबदार" हा शब्द दिला. त्या दिवसानंतर भिंतीवर शब्द पुन्हा चढायला लागले, पण एकेक करून, आणि प्रत्येक शब्दाखाली तो ज्या वाक्यातून निघाला ते वाक्य लिहून. तयार विशेषणांची यादी वर्गात लावूच नये असं मी म्हणणार नाही. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना शब्दांचा आधार लागतोच. पण गरज आधी वाटली आणि मग शब्द मिळाला तर तो टिकतो.

खुर्चीवर बसलेला भाऊ

चौथ्या आठवड्यात एकाने भाऊ होऊन समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, असं केलं. पहिला प्रयत्न पार फसला. "तुझा आवडता रंग कोणता?" "तुझ्याकडे मोबाईल आहे का?" खुर्चीवरचा मुलगा रंगात येऊन वाट्टेल ते सांगत सुटला. भावाने मगरीशी मारामारीही केली.

दुसऱ्या वेळी उत्तरांना तीन नावं दिली : *गोष्टीत लिहिलंय*, *गोष्टीतून कळतं*, *माझ्या मनचं*. हे वर्गीकरण माझं नाही. टॅफी राफाएल यांनी १९८० च्या दशकात प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्याचे चार प्रकार सांगितले, ते मी तिसरीच्या मुलांसाठी तीनवर आणले. खुर्चीवरच्याने उत्तर दिलं की वर्गाने त्याचं नाव सांगायचं. "माझ्या मनचं" वर बंदी नव्हती, पण ते तसं आहे हे कबूल करावं लागायचं. एवढ्या एका गोष्टीने खेळ सावरला. "सोळाला थांबलास तेव्हा काय केलंस?" या प्रश्नावर खुर्चीवरची मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "पायाने चाचपून बघितलं. मग आधी मी गेलो." अर्धा वर्ग म्हणाला "गोष्टीतून कळतं", अर्धा म्हणाला "मनचं". पुस्तकं उघडली गेली. माझ्या गोष्टीत तो कसा ओलांडतो हे लिहिलेलंच नाही. दुपारी त्याने तिला उचलून ठेवलं होतं, हा आधार एका गटाने काढला. "पण तेव्हा दिसत होतं," दुसऱ्या गटाने खोडून काढलं. मी निकाल दिला नाही. दोन्ही बाजू पानावर बोट ठेवून बोलत होत्या, मला तेवढं हवं होतं.

नवी गोष्ट

एकाच गोष्टीवर इतकं रेंगाळल्यावर मुलांना ती गोष्ट पाठ होते. शिकलेलं दुसरीकडे जातं का, हा खरा प्रश्न. पाचव्या आठवड्यात न वाचलेली गोष्ट दिली. एक मुलगी नव्या शाळेत पहिल्या दिवशी येते, रिकाम्या बाकावर बसते आणि मधली सुट्टी होईपर्यंत दप्तर पाठीवरून काढत नाही. बाई विचारतात तेव्हा म्हणते, "जड नाहीये." या वेळी चौकटी नव्हत्या. फक्त लिहायचं होतं : ती असं का करते, आणि जुन्या शाळेत असती तर काय केलं असतं?

बहुतेकांनी दप्तर आणि नवी जागा यांचा संबंध जोडला. "तिला वाटतं आपण इथे राहणार नाही." "दप्तर जुन्या शाळेतलं आहे, म्हणून ते सोडवत नाही." दुसरं वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या वहीत पाच आठवड्यांपूर्वी फक्त "शूर" होतं.

पण नवा दोषही दिसला आणि तो माझ्या शिकवण्यातून आला होता. सात-आठ मुलांना आता सगळीकडे लपवलेली भीती दिसायला लागली. गोष्टीतल्या बाई हसून "बस हं" म्हणतात, तर त्याही आतून घाबरलेल्या. शिपाई घंटा देतो, तोही भीती वाटते म्हणून जोरात देतो. बोलणं आणि वागणं यातली फट शोधायला शिकवताना मी नेहमी फट असलेलीच उदाहरणं घेतली होती. जिथे पात्र म्हणतं तेच त्याच्या मनात असतं, असा एकही प्रसंग आम्ही वाचला नव्हता. पुढच्या वर्षी ही जोडी मी पहिल्याच आठवड्यात ठेवणार आहे : एक जण खरं बोलणारा, एक जण लपवणारा, आणि जागा दोघांना एकच.

तिसरा मुद्दा लेखनाचा. धुक्याबद्दल मला दुरुस्त करणारा मागच्या बाकावरचा मुलगा नव्या गोष्टीवर एकच ओळ लिहून बसला : "ती दप्तर काढत नाही." गुणांच्या हिशोबाने हे अपुरं. मी त्याला जवळ बोलावून तोंडी विचारलं. तो म्हणाला, "दप्तर काढलं की बसायला लागतं ना बाई, नीट. मग ती तिथलीच होणार." हे सगळं त्याला कळलेलं होतं, फक्त कागदावर यायला वेळ लागत होता. तेव्हापासून त्याचं उत्तर आधी तो सांगतो, मी जशास तसं लिहून घेते आणि तो ते स्वतःच्या अक्षरात उतरवतो. मागच्या आठवड्यात त्याने माझ्याकडून वही ओढून घेतली आणि म्हणाला, "अर्धं मी लिहितो."